परकीय मदत दहशतवाद आटवते की पोसते?

पांझराकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

९ मे २०२५ ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं पाकिस्तानला साधारण १ अब्ज डॉलरचा हप्ता मोकळा केला. वर हवामानबदलाच्या नावानं आणखी १.४ अब्जांची सोय मंजूर केली. पहलगामला २६ माणसं मारली गेली त्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. सीमेवर तोफा चालू होत्या. भारत मतदानापासून दूर राहिला. त्या आठवड्यात धुळ्यात जिथं चार माणसं बसली तिथं एकच बोलणं: सगळं जगजाहीर असून हे लोक पैसे देतातच कसे?

हा राग मलाही आहे. पण 'त्यांना पैसे देऊ नका' एवढ्यावर थांबलं की खरी गोष्ट निसटते. पैसा थेट अतिरेक्याच्या खिशात जातो असं क्वचित घडतं. धोका शिल्लक आहे तोवरच पैसा येत राहील, अशी बोली जिथं ठरते, तिथं खरं नुकसान होतं. मग धोका संपवण्यात कुणाला रस उरणार?

पाकिस्तानचा इतिहास या नजरेनं बघा. एप्रिल १९७९ मध्ये अणुकार्यक्रमामुळे अमेरिकेनं मदत बंद केली. डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि सगळं फिरलं. कार्टर यांनी ४० कोटी डॉलर देऊ केले, तर जनरल झियांनी ते 'शेंगदाणे' म्हणून झिडकारले. १९८१ मध्ये रेगन सरकारनं ३.२ अब्जांचं सहा वर्षांचं पॅकेज दिलं, वर एफ-१६ विमानं. सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीनांसाठीची शस्त्रं आणि पैसा आयएसआयच्या हातून वाटला जायचा, म्हणजे कुणाला मोठं करायचं ते आयएसआय ठरवायची. सौदी अरेबिया अमेरिकेच्या डॉलरला डॉलर जोडत होता. १९८९ मध्ये रशियन गेले आणि १९९० मध्ये प्रेसलर दुरुस्तीचा (अण्वस्त्रं नसतील तरच मदत, या अमेरिकी कायद्याचा) बडगा उगारून मदत पुन्हा थांबली. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर आणखी निर्बंध आले. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवसांतच ते उठले.

रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयातल्या सेनापतींनी यातून काय धडा घेतला असेल? शेजारी पेटलेला असला की तिजोरी भरते, विझला की विसरतात.

२००१ नंतर 'कोअलिशन सपोर्ट फंड' नावाची सोय झाली. पाकिस्तानी फौजेनं कारवाईचा खर्च दाखवायचा, अमेरिकेनं भरून द्यायचा. अमेरिकेच्याच सरकारी लेखातपासणीनं २००८ मध्ये ही बिलं काढून पाहिली. रस्ते आणि बंकरांसाठी साडेचार कोटी डॉलर दिले होते, पण ते बांधल्याचा पुरावा नव्हता. हवाई संरक्षणाच्या रडारांसाठी २० कोटींहून जास्त. अल कायदाकडे विमानं होती कुठे? ती रडारं कुणाच्या दिशेला बघतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्याकडे दुष्काळात रोहयोच्या मस्टरवर खोट्या हजेऱ्या चढायच्या, पण निदान गावातला कुणी तहसीलदाराकडे जाऊन ओरडू शकायचा. अफगाण सीमेलगतच्या वझिरीस्तानातल्या बिलावर कोण ओरडणार होतं?

नवीन बापट नावाच्या अभ्यासकानं २०११ मध्ये हीच मांडणी काटेकोरपणे केली. लष्करी मदतीमुळे ती घेणारं सरकार अतिरेक्यांशी तडजोड करत नाही हे खरं, पण त्यांना निःशस्त्र करण्याचं कारणही त्या सरकारकडे उरत नाही. अँड्रयू बाउटन यांनी २०१४ मध्ये त्यात भर घातली. ज्या देशाचं शेजाऱ्याशी जुनं वैर आहे, तिथं अमेरिकी मदतीनं दहशतवाद लांबतो, कारण तो पैसा वैऱ्याविरुद्धच्या तयारीला वळतो. ज्या देशाला असं वैर नाही, तिथं मदतीचा उपयोग होतो. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

तुमचं काय मत? आकडे माहीत असतील तर आकड्यांनिशी बोला.

---

रावेर_केळी

पांझराकाठ भाऊ, एवढं खोलात जायची गरजच काय? २००२ पासून पंधरा वर्षांत ३३ अब्ज डॉलर त्यांच्या घशात गेले. १ जानेवारी २०१८ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीच हा आकडा जाहीर सांगून 'बदल्यात खोटेपणा मिळाला' असं म्हटलं. बिन लादेन सापडला कुठे? अबोटाबादला, त्यांच्या लष्करी अकादमीच्या शेजारी.

२६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर ५८ माणसं गेली. आपल्याकडं येणाऱ्या गाड्यांची वाट बघत सामानावर बसलेली माणसं तिथं रोज असतात. ती आपली माणसं. आणि वर्ष उलटायच्या आत, ऑक्टोबर २००९ मध्ये, अमेरिकेत केरी-लुगर कायदा होऊन पाकिस्तानला पाच वर्षांसाठी साडेसात अब्ज मंजूर! याला मदत कसं म्हणायचं? माझं मत सरळ आहे. सगळं बंद करा. धान्य बंद, औषध बंद, कर्ज बंद. पोटाला चिमटा बसला की आपोआप शहाणे होतील.

---

तोरणमाळ_वारा

रावेर भाऊ, तुमचं दुःख कळतं. पण 'औषध बंद' वाचून हात थांबेना. मी धडगाव तालुक्यात आरोग्याचं काम केलं आहे, म्हणून लसीबद्दल सांगते.

बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी सीआयएनं अबोटाबादेत एका पाकिस्तानी डॉक्टरकरवी हिपॅटायटिस-बीच्या लसीकरणाची मोहीम उभी केली. बाळांना टोचायच्या निमित्तानं त्या घरात शिरून रक्ताचा नमुना मिळवायचा, असा डाव होता. २०११ च्या मे महिन्यात बिन लादेन मारला गेला आणि जुलैत ही गोष्ट फुटली. लस म्हणजे हेरगिरी हे तालिबानी आधीपासून सांगतच होते, आता त्यांच्या हातात खरा दाखला आला. २०१२ मध्ये उत्तर वझिरीस्तानात पोलिओच्या लसीवर बंदी घातली गेली. त्याच डिसेंबरात पोलिओचे थेंब पाजणाऱ्या कार्यकर्त्यांना कराची आणि पेशावर भागात टिपून मारलं. त्यात बहुतेक बाया होत्या, तुटपुंज्या रोजावर दारोदार फिरणाऱ्या. पाकिस्तानात २०१२ मध्ये पोलिओचे ५८ रुग्ण होते, २०१४ मध्ये ३०६ झाले. त्याच २०१४ मध्ये २७ मार्चला आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मे महिन्यात अमेरिकेनं यापुढे लसीकरणाचा आडोसा घेणार नाही असं लेखी सांगितलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पाड्यावर लस घेऊन गेलं की पहिला प्रश्न असतो, 'तुम्हाला कुणी पाठवलं?' त्या उत्तरावर विश्वास बसला तर आई बाळ पुढं करते. तो विश्वास कमवायला पावसाळेच्या पावसाळे जातात. कुणा गुप्तहेरानं तो एका दुपारी मोडावा, आणि त्याची किंमत पाय लुळे पडलेल्या पोरानं मोजावी, हे मला कुठल्याच कारणासाठी मान्य नाही. ते पोर पाकिस्तानातलं असलं तरी.

---

भुसावळ_जंक्शन

बँकेत आयुष्य काढलेला माणूस आहे, म्हणून आधी एक गुंता सोडवतो. वरती तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जात आहेत. नाणेनिधीचं ते कर्ज आहे, परत करायचं, अटींसकट. ते पाकिस्तानच्या स्टेट बँकेच्या गंगाजळीत जातं, त्यानं शाळा किंवा दवाखाना उभा राहत नाही. दुसरी लष्करी भरपाई, तिच्याबद्दल पांझराकाठ यांनी लिहिलं. तिसरी मदत म्हणजे धान्य, औषध, पूर-भूकंपातला तंबू. पहिल्या दोनांचा राग तिसरीवर काढू नये.

कर्जाबद्दल मात्र भारताची तक्रार रास्त होती. १९८९ पासूनच्या ३५ वर्षांत २८ वर्षं पाकिस्ताननं नाणेनिधीकडून पैसा उचलला आहे. एवढ्यानंही घडी बसली नाही, तर अटी पाळल्या जातात की नाही हे कुणीतरी विचारायलाच हवं. शिवाय पैसा पैशात मिसळतो. गव्हासाठी कर्ज मिळालं की गव्हासाठी राखलेला स्वतःचा रुपया बंदुकीसाठी मोकळा होतो. कागदोपत्री गहूच दिसतो.

आता रावेर भाऊंना एक सांगतो. देणं बंद करण्यापेक्षा व्यवहाराची वाट अडवणं जास्त लागू पडलं आहे. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ एफएटीएफच्या, म्हणजे दहशतवादाला जाणाऱ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, करड्या यादीत होता. या यादीत नाव आलं की त्या देशाच्या प्रत्येक व्यवहाराकडं परदेशी बँका दोनदा बघतात. व्यापाऱ्याची पत आवळते, उद्योगपती सरकारच्या मागे लागतात. लष्कर-ए-तैयबाच्या हाफिज सईदवर २०१२ मध्ये अमेरिकेनं १ कोटी डॉलरचं इनाम लावलं होतं, तरी तो लाहोरात सभा घेत फिरायचा. २०२० मध्ये दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. त्याच संघटनेच्या लखवीला जानेवारी २०२१ मध्ये झाली. ३३ अब्जांनी जे झालं नाही ते एका यादीनं थोडंफार करून दाखवलं. पुरेसं नाही, हेही तितकंच खरं. यादीतून नाव निघालं आणि दाब गेला.

---

अहिराणी_मानूस

भुसावळ भाऊ, तुमनं म्हननं पटनं. पन ज्यासनी पोरे गयात त्यासले यादी नि फिदी काय सांगानी? त्यासले न्याव पाहिजे. पैसा देवावालासनी पह्यले त्यासना तोंडकडे देखाले पाहिजे, एवढंच मन्हं म्हननं शे.

---

जळगाव_एमए_अर्थ

सगळ्यांचं वाचलं. मला एक मूळ गृहीतक तपासायचं आहे. गरिबी आणि अज्ञानातून दहशतवाद जन्मतो, म्हणून मदत करा, असं आम्हाला वर्गात शिकवलं जातं. २००१ नंतर सगळे मोठे नेतेही हेच बोलत होते.

पण अॅलन क्रूगर आणि यित्का मालेच्कोव्हा यांनी २००३ मध्ये लेबनॉनमधल्या हिजबुल्लाच्या मेलेल्या लढवय्यांची माहिती तिथल्या समवयस्क तरुणांशी ताडून पाहिली. हे लढवय्ये तुलनेनं कमी गरीब आणि जास्त शिकलेले निघाले. ११ सप्टेंबरला विमानं पळवणारी पोरंही चांगली शिकलेली होती. मग भुकेल्याला भाकर दिली की बंदूक सुटेल, हे गणित चुकतंच ना? आणि शिक्षणाला पैसा दिला तरी शिकवणार काय, हा प्रश्न राहतोच. ऐंशीच्या दशकात नेब्रास्का विद्यापीठाकडून अमेरिकी सरकारच्या पैशानं अफगाण मुलांसाठी पाठ्यपुस्तकं तयार झाली. त्यात गोळ्या आणि मारलेले रशियन मोजत अंकगणित शिकवलेलं होतं. ती पुस्तकं नंतर तालिबानच्या काळातही चालली.

मला गरिबांना मदत करूच नये असं म्हणायचं नाही. ती दहशतवादावरचा उतारा म्हणून विकू नये, एवढंच. दरिद्री माणसाला संभाव्य अतिरेकी समजून दिलेलं अन्न हा त्याचा अपमान आहे.

---

पांझराकाठ (धागाकर्ता)

@जळगाव_एमए_अर्थ, तुमचं शेवटचं वाक्य मला फार पटलं. आमच्या साक्री-शिरपूरकडच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या उपास काढलेली माणसं आहेत, त्यांनी कुणाचा गळा कापला नाही.

मात्र ज्या भागात लढाई आधीच पेटलेली आहे, तिथं मदतीचा परिणाम होतो आणि तो दोन्ही दिशांना होतो. इराकमध्ये अमेरिकी फौजेच्या तुकड्यांनी जी छोटी कामं केली, म्हणजे गटार, विहीर, शाळेची दुरुस्ती, त्यांच्यामुळे २००७ नंतर हिंसा कमी झाल्याचं बर्मन, शपिरो आणि फेल्टर यांना दिसलं. काम लहान, तुकडी तिथंच वस्तीला, लोकांना काय हवं ते माहीत, अशा ठिकाणी. मोठ्या प्रकल्पांना तो गुण आला नाही. याच फेल्टरनी क्रॉस्ट आणि जॉन्स्टन यांच्यासोबत फिलिपिन्समधली गावविकासाची योजना तपासली, तर योजना मंजूर झालेल्या तालुक्यांत मारामारी वाढलेली निघाली. काम यशस्वी झालं तर लोक सरकारकडे झुकतील, म्हणून बंडखोरांनी ते सुरू होण्याआधीच हल्ले चढवले.

आणि अफगाणिस्तानातला रस्ता-वाहतुकीचा ठेका बघा. अमेरिकी तळांना रसद पोचवण्याचा २.१६ अब्ज डॉलरचा ठेका होता. ट्रक सुखरूप जावेत म्हणून वाहतूकदार वाटेतल्या सरदारांना संरक्षणाचे पैसे मोजत. अमेरिकी संसदेच्या उपसमितीनं जून २०१० च्या अहवालात हे मांडलं आणि यातला काही भाग तालिबानपर्यंत जात असल्याच्या खुणाही नोंदवल्या. ज्यांच्याशी लढायचं त्यांनाच टोल. हे कुणा एका लबाडाचं काम नव्हतं. जिथं घाईनं डोंगराएवढा पैसा ओतला जातो आणि रस्ता बंदूकवाल्याच्या ताब्यात असतो, तिथं हे होणारच.

---

रावेर_केळी

तेच तर मी म्हणतोय. म्हणून बंद करा.

---

मस्कत_ते_चोपडा

रावेर भाऊ, बंद केल्यावर काय होतं त्याचाही दाखला आहे. सोमालिया. तिथले लोक आमच्यासोबत कामाला होते, म्हणून हा विषय जवळचा आहे.

२००८ मध्ये अमेरिकेनं अल शबाबला दहशतवादी संघटना ठरवलं. त्यानंतर त्या भागात धान्याचं एक पोतं जरी त्यांच्या नाक्यावर गेलं तरी देणाऱ्या संस्थेवर 'मदत पुरवल्याचा' खटला होईल अशी भीती बसली. अमेरिकेची मदत झपाट्यानं आटली. दुसऱ्या बाजूनं अल शबाब स्वतःच संस्थांकडून वसुली करत होती आणि पुढं बऱ्याच संस्थांना तिनं हाकलूनही दिलं. दोन्हीकडून दार बंद. पाऊस गेला. जुलै २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळ जाहीर केला तेव्हा माणसं मरायला लागून महिने झाले होते. सुमारे २ लाख ६० हजार गेले, निम्मी पाच वर्षांखालची बाळं. अमेरिकेनं नियम सैल केले ते ऑगस्टात.

अल शबाब यानं संपली का? नाही. आजही आहे.

मोकळी पडलेली जागा कोण भरतं तेही बघा. ८ ऑक्टोबर २००५ चा काश्मीरचा भूकंप. पलीकडं ७० हजारांहून जास्त माणसं गेली. सरकारी यंत्रणा पोचायच्या आत जमात-उद-दावाचे तंबू उभे होते, म्हणजे लष्कर-ए-तैयबाचंच दुसरं नाव. जखमींवर उपचार, खिचडी, कफन. तीन वर्षांनी मुंबई झाली, आणि मग डिसेंबर २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या 'सेवाभावी' संस्थेला यादीत टाकलं. भुकेल्याच्या दारात आपण गेलो नाही, तर हे जातात आणि त्याच्या पोराचं नाव लिहून घेतात.

डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव २६६४ करून जीवनावश्यक मदतीला निर्बंधांतून सूट दिली. सोमालियानंतर अकरा वर्षांनी.

---

नर्मदा_मणिबेली

उशिरा लिहितोय. मदत देताना तपासणी कुणी करायची, हा प्रश्न वर दोनतीनदा आला आणि कुणी उत्तर दिलं नाही. आपल्या अक्कलकुव्यात त्याचं उत्तर आहे.

१९८५ मध्ये जागतिक बँकेनं सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो, नंदुरबार वेगळा व्हायचा होता. महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावं बुडणार होती, त्यातलं पहिलं मणिबेली. वॉशिंग्टनच्या कागदांवर पुनर्वसन व्यवस्थित होतं. गावकऱ्यांनी हटायला नकार दिला, लाठ्या खाल्ल्या, पाणी चढलं तरी घरात उभे राहिले. शेवटी बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. त्या समितीच्या १९९२ च्या मॉर्स अहवालानं कागद आणि जमीन यांतली दरी उघडी पाडली. मार्च १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज घेणार नाही असं कळवलं. त्याच वर्षी जागतिक बँकेला तपासणी मंडळ काढावं लागलं, जिथं जगातली कुणीही दोन किंवा अधिक बाधित माणसं मिळून बँकेच्याच पैशाविरुद्ध तक्रार करू शकतात. धरण झालं, गावं बुडाली, ते दुःख आहेच. पण पैसा देणाऱ्याला प्रश्न विचारायची जागा मात्र आपल्या माणसांनी निर्माण केली.

आता लष्करी मदतीकडं बघा. बलुचिस्तानातल्या किंवा वझिरीस्तानातल्या गावाला असं कुठलं मंडळ आहे? त्याच्या नावावर बंकर बांधल्याचं बिल निघालं आणि बंकर नाही, तर त्यानं कुठं जायचं? दहशतवादाविरुद्धचा पैसा 'गुप्त' या एका शब्दाखाली सगळ्या तपासणीतून सुटतो. माझी मागणी एवढीच आहे की, हा पैसा ज्या भागाच्या नावानं निघतो, तिथल्या लोकांना तो किती आणि कशासाठी आला हे कळण्याचा हक्क असावा.

---

तोरणमाळ_वारा

मणिबेली दादा, हे इथं लिहिलंत ते बरं झालं. आमच्याकडच्या नव्या पोरांना हे माहीत नाही.

पांझराकाठ दादा, एक प्रश्न. आपला देशही आता मदत देतो. अफगाणिस्तानात आपण काय केलं, आणि आता तालिबान सत्तेवर असताना काय करावं, याबद्दल तुमचं मत सांगा ना.

---

पांझराकाठ (धागाकर्ता)

ताई, आपण तिथं सुमारे ३ अब्ज डॉलर घातले. झरंज-देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता सीमा सडक संघटनेनं बांधला, २००९ मध्ये सोपवला. तो बांधताना आपली माणसं मारली गेली. काबूलची संसद, हेरातचं सलमा धरण, आणि खेड्यापाड्यांतले शेकडो छोटे प्रकल्प. जुलै २००८ मध्ये काबूलच्या आपल्या दूतावासावर हल्ला होऊन ५८ जण गेले, तरी काम थांबलं नाही. यात फौजेला दिलेल्या कोऱ्या धनादेशासारखं काही नव्हतं. दिसेल असं काम होतं, लोकांच्या वापरातलं, आणि म्हणूनच ते काहींच्या डोळ्यांत खुपत होतं.

२०२१ नंतर सरकार तालिबानचं आलं. २०२२ च्या फेब्रुवारीत आपण ५० हजार टन गव्हाची पाठवणी अटारीवरून सुरू केली आणि वाटपाचं काम जागतिक अन्न कार्यक्रमाकडं दिलं. मला ही पद्धत बरोबर वाटते. तालिबानला रोकड नको, त्यांच्या फौजेला एक गाडी नको, पण गहू जावा, लस जावी, आणि पोतं कुठं उतरलं याचा हिशेब तिसऱ्यानं ठेवावा. २०२५ मध्ये अमेरिकेनं यूएसएड ही आपली परदेशी मदतीची संस्था बंद करून टाकल्यावर तर त्या भागातले दवाखाने एकामागून एक बंद पडत गेले. २००५ च्या भूकंपात तंबू घेऊन कोण आधी पोचलं होतं ते चोपड्याच्या भाऊंनी वर लिहिलंच आहे.

रावेर भाऊ, तुमच्या रागाला माझं उत्तर हेच. लष्करी भरपाईचा एकही डॉलर हिशेबाशिवाय जाऊ नये, यासाठी आपल्या सरकारनं प्रत्येक व्यासपीठावर भांडावं, करड्या यादीसाठी पुन्हा जोर लावावा. मी तुमच्यासोबत आहे. औषधाच्या पेटीसाठी मात्र मी ताईंच्या बाजूनं उभा राहीन.